गाल फुगवायचे, फुंकायचं नाही

"आणि ती चौघं?" आवळे मास्तरांनी विचारलं.

"ती उभी राहतील," रणधीर म्हणाला.

"उभी राहून काय करतील?"

"ट्रम्पेट तोंडाला लावतील. गाल फुगवतील. फुंकायचं नाही."

मास्तर मांडीवरच्या ट्रम्पेटचं पितळ फडक्यानं पुसत राहिले.

गडहिंग्लजच्या एसटी स्टँडमागं मास्तरांच्या बँडचा गाळा आहे. एके काळी तीन तालुक्यांत मास्तरांच्या ट्रम्पेटशिवाय लग्न लागलं तर लोक नवरदेवाच्या बापाची कीव करायचे. रणधीर चौगुले याच गाळ्यात ट्रम्पेट शिकला. पुढं संगीताच्या परीक्षा दिल्या आणि गावाबाहेरच्या इंग्रजी शाळेत संगीताचा शिक्षक झाला. गळ्यात टाय आला. टायबरोबर थोडा ताठाही आला, पण एवढा ताठा तरण्या माणसाला शोभून दिसतो.

त्या दिवशी तो मास्तरांना बातमी द्यायला आला होता. शाळेचा पहिला बँड उभा राहिला होता. सव्वीस जानेवारीला तालुक्याच्या मैदानावर चोवीस मुलं लाल कोट घालून संचलन करणार होती. संस्थेच्या अध्यक्षांनी स्वतः कापड निवडलं होतं. कोट शिवून तयार होते.

त्यानं मेहनत घेतली होती, यात वाद नाही. ऑगस्टपर्यंत यातल्या बहुतेक मुलांनी वाढदिवसाच्या पिपाणीपलीकडं काही फुंकलं नव्हतं. रणधीरनं पालकसभा घेतली, पहिल्या वर्षाच्या मुलांकडून शाळेची काय अपेक्षा आहे ते समजावून सांगितलं. रोज अर्धा तास सराव, वाजवण्याआधी चूळ भरायची, वाजवून झालं की नळीतली थुंकी काढायची, कुणाचं वाद्य कुणी तोंडाला लावायचं नाही, उभं राहायचं ते ताठ, श्वास घ्यायचा तो पोटातून. पालकांनी माना डोलावल्या. मुलांनीही सगळं पाळलं.

वीस मुलं बरी वाजवू लागली होती. चौघांचं मात्र जमेना. एकाला हसू आवरत नसे. एकाचा श्वास कळ दाबायच्या आधीच संपायचा. एक शेजाऱ्याचं वाजवणं ऐकण्यात इतका रमायचा की स्वतःचं विसरून जायचा.

चौथी तनिष्का मगदूम. सहावीतली. ती रोज संध्याकाळी गच्चीवर सराव करायची आणि तिचा सूर बोकडाच्या आवाजासारखा फाटायचा. शेजारच्या गवळ्यानं येऊन सांगितलं होतं की म्हशी पान्हा चोरायला लागल्या आहेत.

चौघांना काढावं तर रांगेत भोकं पडणार, चार कोट वाया जाणार. ठेवावं तर सगळा बँड बेसूर. म्हणून रणधीरनं हा मार्ग काढला होता आणि त्यावर तो खूश होता.

"तनिष्काला हे सांगितल्यावर तिनं काय विचारलं माहीत आहे, मास्तर?" तो हसत म्हणाला. "म्हणाली, सर, मग बोटं हलवायची का?"

मास्तर हसले नाहीत.

"तू काय सांगितलंस?"

"हलव म्हटलं. बरोबर हलव. लांबून खरं वाटतं."

मास्तरांचं फडकं थांबलं…

"झाकली मूठ सव्वा लाखाची," रणधीर म्हणाला. "आणि खरं सांगू, मास्तर? हे तुमचंच शिकलोय."

ते खरं होतं. लग्नसराईत एका दिवशी दोन-दोन वराती आल्या की मास्तर कुणालाही बँडचा कोट चढवायचे. हातात एखादं पोचा आलेलं वाद्य द्यायचे आणि मागच्या रांगेत उभं करायचे. वाजवणारे आठ, दिसणारे सोळा. नवऱ्यामुलाकडच्यांना डोकी मोजायची असतात, सूर कोण मोजतो? त्या माणसांना गाळ्यात भरतीची माणसं म्हणत.

"व्हय," मास्तर म्हणाले. "माझंच हाय ते."

त्यांनी फडकं मांडीवर ठेवलं. मग त्यांनी विचारलं, उद्या संध्याकाळी एक वरात आहे, माणूस कमी पडतोय, येशील का?

रणधीरला आनंद झाला. वरातीत वाजवून त्याला बरीच वर्षं झाली होती. शाळेत मुलांसमोर सरगम वाजवणं वेगळं आणि नाचणाऱ्या माणसांसमोर वाजवणं वेगळं. तो लगेच हो म्हणाला. मास्तरांनी पेटीतून कोट काढून दिला. बाह्या आखूड होत्या, पण त्यानं तिथल्या तिथं अंगात घालून आरशात बघितलं.

तो उंबऱ्याशी पोचला तेव्हा मास्तर म्हणाले, "फुंकायचं न्हाई."

"म्हणजे?"

"भरतीचा माणूस कमी हाय. वाजवणारे हायत."

रणधीर हसला. मग त्याच्या लक्षात आलं की मास्तर हसत नाहीत. मास्तरांना नाही म्हणायची सवय त्याच्या तोंडाला कधी लागली नव्हती. तो कोट घेऊन घरी गेला.

वरात सुरू झाली तेव्हा अजून उजेड होता. नवरदेव घोडीवर, घोडीपुढं नाचणारी पोरं, त्यांच्यापुढं बँड. रणधीर शेवटच्या रांगेत. त्याच्या शेजारी पांडबामामा.

पांडबामामाला तो लहानपणापासून ओळखत होता. म्हणजे नावानं ओळखत होता. गाळा झाडणारा, वाद्यांच्या पेट्या उचलणारा, वरातीत मागं उभा राहणारा माणूस. रणधीर शिकाऊ असतानाही पुढच्या रांगेत असायचा. मागं वळून बघायचं त्याला कधी कारण पडलं नव्हतं.

पहिलं गाणं त्यानं मजेत काढलं. ट्रम्पेट ओठांना लावला, गाल फुगवले. दुसऱ्या गाण्याला छाती भरून आली. श्वास आत येत होता आणि त्याला जायला वाट नव्हती. एकदा चुकून पुक्‌ असा आवाज निघालाच.

"नाकानं घ्या, सर," पांडबामामा ओठ न हलवता म्हणाला. "तोंडानं घेतला की आवाज निघतोय. नाकानं घ्यायचा, नाकानंच सोडायचा."

रणधीरनं तसं केलं. जमलं. पण छातीतला जीव हलका होण्याऐवजी जड झाला. समोरच्या रांगेतला ट्रम्पेटवाला एका ठिकाणी कच्चा सूर लावत होता. रणधीरला तो दुरुस्त करता आला असता, नुसत्या एका फुंकेनं. फुंकायचं नव्हतं.

मारुतीच्या देवळापाशी नवरदेवाचा मामा नाचत नाचत त्याच्यासमोर आला. घामानं निथळत होता. त्यानं रणधीरच्या खांद्यावर हात ठेवला आणि आसपासच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की हा गडी बघा कसा जीव ओतून वाजवतोय.

आजवर रणधीरचं कौतुक पुष्कळ झालं होतं. त्याला कौतुकाची अशी लाज कधी वाटली नव्हती. त्यानं मान खाली घातली, आणि मान खाली घातल्यामुळंच त्याला पांडबामामाची बोटं दिसली.

बोटं बरोबर चालली होती.

अंदाजपंचे नव्हे, लांबून खरं वाटावं म्हणूनही नव्हे. नेमकी. पुढचे वाजवणारे दमून एक हरकत गाळून गेले. पांडबामामाच्या बोटांनी ती पुरी घेतली, गाल फुगलेले, ट्रम्पेटातून वाराही नाही. गाणं बदललं, चाल दुप्पट झाली, तरी बोटं चुकली नाहीत. त्यानंतर रणधीरनं वरातीत दुसरं काही बघितलं नाही.

नवरदेव देवदर्शनाला उतरला. बँडला चहा मिळाला. दोघं देवळाच्या कट्ट्यावर टेकले.

"मामा, तुम्हाला हे सगळं येतंय की," रणधीर म्हणाला.

पांडबामामा चहात फुंकर घालत होता. म्हणाला, बोटांना येतंय, तोंडाला न्हाई.

रणधीरनं खोदून खोदून विचारलं तेव्हा तो सांगू लागला. रडगाणं गाण्याचा त्याचा स्वभाव नव्हता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगत होता. तरणा असताना तो गाळ्यात शिकायला आला. सुरुवातीचा सूर सगळ्यांचा फाटतो, त्याचा जरा जास्त फाटायचा. तेवढ्यात एका मोठ्या सावकाराघरचं लग्न आलं. मास्तर म्हणाले, पांडबा, या मोसमाला नुसता धर, पुढच्या मोसमाला फुंक. त्यानं धरला. पुढच्या मोसमात लग्नं आणखी मोठी होती.

"मग परत विचारलं नाही?"

"एकदा विचारलं. मग लाज वाटाय लागली." पांडबामामानं बशी कट्ट्यावर ठेवली. "बारकं पोर बेसूर वाजवतंय तर लोक हसत्यात आणि सोडून देत्यात, सर. मिशा पांढऱ्या झालेला माणूस बेसूर वाजवाय लागला तर काय म्हणत्याल? एवढी वर्सं हा करत काय हुता?"

रणधीरनं इकडंतिकडं बघितलं. आजूबाजूला कुणी नव्हतं, सगळे देवळात होते.

"आत्ता फुंका," तो म्हणाला. "मी एकटाच आहे. हसणार नाही."

पांडबामामानं त्याच्याकडं बघितलं. मग आपला ट्रम्पेट उचलला, ओठांना लावला. गाल फुगले. बोटं कळांवर आली…

तो तसाच बसला. मग त्यानं ट्रम्पेट खाली घेतला आणि हसला.

"न्हाई निघत, सर."

देवळातून माणसं बाहेर यायला लागली. ढोलवाल्यानं ठेका धरला. दोघं उठून रांगेत गेले आणि गाल फुगवून उभे राहिले.

त्या रात्री रणधीरला नीट झोप लागली नाही. त्याला मास्तरांचा राग आला. आपलाही आला, पण स्वतःचा राग माणूस नेहमी दुसऱ्या नंबराला ठेवतो. सकाळी उठल्या उठल्या त्यानं ठरवलं की चोवीसच्या चोवीस मुलं फुंकतील. मुख्याध्यापिकाबाईंना तसं सांगूनही टाकलं. बाईंनी अध्यक्षांचं नाव काढलं, पाहुण्यांचं नाव काढलं. बँड बेसूर वाजला तर बोल कुणाला लागेल, असंही विचारलं. तो म्हणाला, मला लागेल. असं म्हणताना त्याला स्वतःबद्दल बरं वाटलं. वाटलं, संपलं हे प्रकरण.

शाळा सुटल्यावर मुलं मैदानावर जमली. त्यानं चौघांना पुढं बोलावलं आणि सांगितलं, आजपासून तुम्हीही फुंकायचं.

हसणाऱ्यानं फुंकलं आणि हसला. दुसऱ्यानं फुंकलं आणि दमला. तिसऱ्याला आठवण करून द्यावी लागली, मग त्यानंही फुंकलं.

तनिष्कानं ट्रम्पेट तोंडाला लावला. गाल फुगले. बोटं बरोबर हलली, एकही चूक नाही.

आवाज आला नाही.

"फुंक, तनिष्का."

"फुंकतेय, सर."

त्यानं ट्रम्पेटच्या तोंडापुढं हात धरला. हाताला वारा लागला नाही. त्यानं तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. नाकपुड्या हलत होत्या.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचं तिनंच शोधून काढलं होतं.

"अगं, तोंडानं श्वास घे. फाटू दे सूर. चालेल मला."

ती खाली बघत म्हणाली, "मी फुंकलं की सगळ्यांचं बिघडतं. तुम्हीच म्हणाला होता, सर."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. आज्ञाधारक मुलीनं पाठ केलेलं उत्तर द्यावं तसं म्हणाली. गच्चीवरून म्हशींचा पान्हा आटवणारी पोर, तिला त्यानं दोन शब्दांत मुकं केलं होतं, आणि आता दोनशे शब्द खर्चूनही तिचं तोंड उघडत नव्हतं. त्यानं गोडीनं सांगितलं. वाजवून दाखवलं. त्याचा सूर इतका स्वच्छ निघाला की तिची मान आणखी खाली गेली.

मुलांना सोडून तो तडक गाळ्यावर गेला.

मास्तर उन्हाला बसले होते. आत पांडबामामा कालचे कोट घडी घालून ठेवत होता. रणधीरनं टाय सैल केला, पण बसला नाही.

"पांडबामामाला तुम्ही सांगितलं होतं. पुढच्या मोसमाला फुंक म्हणून."

"व्हय."

"मग?"

"पुढच्या मोसमाला लग्नं लई हुती."

"त्याच्या पुढच्या?"

मास्तरांनी आत बघितलं. पांडबामामा ऐकत होता की नाही कळत नव्हतं. त्याच्या घड्या चालूच होत्या.

"त्याच्या पुढं त्यानं विचारलं न्हाई," मास्तर हळूच म्हणाले. "मीबी न्हाई."

रणधीर भांडायला आला होता. पण तो पायरीवर बसला. मग त्यानं तनिष्काचं सगळं सांगितलं. बोटांचं सांगितलं, नाकाचं सांगितलं, तिच्या उत्तराचं सांगितलं.

"मी तिला म्हटलं, चुकलं तरी चालेल. ती ऐकत नाही, मास्तर. पालकांना मी चूळ भरण्यापासून सगळं सांगितलं. पहिले काही महिने वाईट वाजणार, वाजलंच पाहिजे, एवढंच सांगायचं राहून गेलं."

"अजून इचारती का ती?" मास्तरांनी मध्येच विचारलं. "कधी फुंकायचं म्हणून?"

"नाही. आता विचारत नाही."

मास्तरांनी फडकं बाजूला टाकलं.

"तुम्ही येऊन वाजवून दाखवा तिला," रणधीर म्हणाला. "तुमचा सूर ऐकला तर…"

"माझा सूर?" मास्तरांनी ओठ वर करून दाखवला. पुढचे दात नव्हते. ते गेले तसं मास्तरांनी वाजवणं सोडलं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पुढच्या दातांशिवाय ट्रम्पेट वाजवणं म्हणजे जात्याला खुंटा नसताना दळणं. लोक आग्रह करायचे. मास्तर म्हणायचे, आमचा बाजार उठला, जुनं आठवा आणि गप बसा.

रणधीर ओशाळला.

मास्तर भिंतीला धरून उठले. उठायला त्यांना वेळ लागला.

"उद्या किती वाजता असतंय पोरांचं?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर फाटकाशी रिक्षा थांबली. पांडबामामानं मास्तरांना हाताला धरून उतरवलं. मास्तरांचा ट्रम्पेट त्याच्या एका काखेत होता, दुसऱ्या काखेत त्याचा स्वतःचा, पोचा आलेला. तो का आणला होता, कुणास ठाऊक. घेऊन चल म्हटलं असेल मास्तरांनी.

मुलं रांगेत उभी होती. रणधीरसरांचे गुरू, तीन तालुक्यांतला पहिला ट्रम्पेट, असं सगळं त्यांनी ऐकलं होतं. पांढरा पायजमा घातलेला हा लहानखुरा म्हातारा बघून त्यांची थोडी निराशा झाली असावी, पण ती ताठ उभी राहिली.

मास्तरांनी भाषण केलं नाही. पांडबामामाकडून ट्रम्पेट घेतला, सदऱ्याला ओठ पुसले, आणि फुंकलं.

काय आवाज निघाला तो सांगता येत नाही. आधी फुस्स झालं, मग वंगण नसलेल्या बिजागरीसारखं करकरलं, मग दोन्ही बाजूंनी थुंकी उडाली. मास्तर थांबले नाहीत. त्यांनी सरगम धरली. षड्ज पडला, ऋषभ त्याच्या अंगावर पडला, गंधार वाटेतच बसला.

मुलं ओठ आवळून उभी होती. हसू न आवरणाऱ्याचे खांदे हलायला लागले. आधी तो फुटला, मग सगळी रांग फुटली.

रणधीर लाल झाला. ज्या सुरासाठी लोक घरातली कामं टाकून रस्त्यावर यायचे त्याचं हे हसं त्याला बघवेना. तो मुलांना गप्प करायला पुढं सरकला. मास्तरांनी वाजवता वाजवताच एक तळवा वर करून त्याला थांबवलं. वरच्या षड्जापर्यंत ते वाजवत राहिले. तो लागलाच नाही.

मग ते रांगेजवळ गेले. तनिष्का कुठली, हे त्यांना सांगावं लागलं नाही. सगळ्यांत ताठ उभी होती तीच.

"कसं वाजलं, बाळ?"

तिनं सरांकडं बघितलं. सर जमिनीकडं बघत होते.

"…वाईट."

"किती?"

"लई," ती म्हणाली. इंग्रजी शाळेत असं बोलत नाहीत, हे ती विसरली होती.

"तुझ्यापेक्षा?"

तिनं प्रामाणिकपणे विचार केला.

"हो."

"बघू बरं."

तिनं ट्रम्पेट उचलला. गाल फुगले, नाकपुड्या हलल्या, बोटं हलली.

आवाज आला नाही.

मास्तरांनी आपला ट्रम्पेट उचलला आणि तिच्यासमोर उभं राहून एकच सूर लावला. लांब, घोगरा, शेवटी पोरगं रुसून रडावं तसा चिरकलेला. त्यांची टोपी पुढं आली, डोळे मोठे झाले, तरी ते सोडेनात.

तनिष्काला हसू फुटलं. तिनं दाबून बघितलं, दाबलं जाईना. ट्रम्पेट ओठांवरच होता. हसताना श्वास काही नाकात थांबत नाही.

मैदानभर बोकड ओरडला.

रांग पुन्हा फुटली. तनिष्का दचकली, ट्रम्पेटकडं बघायला लागली, मग तीही हसली. तिनं तो पुन्हा तोंडाला लावला आणि या वेळी मुद्दाम फुंकलं. पहिल्यापेक्षा वाईट निघालं. मास्तरांनी मान डोलावली आणि त्याहून वाईट काढून दाखवलं. मग तिनं. मग त्यांनी. चौघांतल्या उरलेल्या तिघांना राहवेना, त्यांनीही आपापलं काढलं. पोरं पोट धरून हसत होती.

मुख्याध्यापिकाबाई व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. रणधीरला त्या दिसल्या नाहीत. त्याचे डोळे भरले होते. आयुष्यात इतकं बेसूर त्यानं काही ऐकलं नव्हतं, आणि ते थांबू नये असं त्याला वाटत होतं.

पांडबामामा मास्तरांच्या मागं उभा होता. एवढं सगळं वाजतंय म्हटल्यावर सवयीनं त्याचाही ट्रम्पेट ओठांना लागला होता. गाल फुगलेले. बोटं कळांवर.

मास्तरांनी मागं वळून बघितलं नाही. बाहीनं ओठ पुसत म्हणाले,

"पोरं हसत्यात तवर फुंकून घे, पांडबा."